चिपला उशीर कशाचा, हे आधी विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चिप उद्योगाशी नाव जोडले गेलेल्या कंपन्यांचे शेअर बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या छोट्या गुंतवणूकदारांनीही घेऊन ठेवले आहेत. प्रकल्प सहा महिने लांबल्याची बातमी आली की दोनच सल्ले कानावर पडतात: 'विकून मोकळे व्हा' किंवा 'धीर धरा, दहा वर्षांत सोने होईल'. उशीर नेमका कशाचा, हे पाहिल्याशिवाय दोन्ही सल्ले बिनकामाचे.

आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याला रिजेक्शन, म्हणजे नापास माल, काय असते ते शिकवावे लागत नाही. नव्या पॅटर्नच्या कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेली पोकळी, आले, तर साचा फोडून साफसफाई केली की बहुतेकदा कळते. वाळूतला ओलावा आणि वायू निघून जाण्याची भोके तपासून लगेच पुन्हा ओतता येते. चिपमध्ये ही सोय नाही. सिलिकॉनची 300 मिलिमीटर व्यासाची चकती, म्हणजे वेफर, प्रगत चिपसाठी हजाराच्या आसपास पायऱ्या पार करून बाहेर यायला साधारण तीन महिने घेते. मधल्या तपासण्यांत काही दोष सापडतात, पण चिप चालते की नाही हे शेवटीच कळते. मग दोष कुठल्या पायरीवर शिरला ते शोधायचे, लागलाच तर मास्क, म्हणजे नक्षी छापायचा साचा, नवा करायचा आणि नवी चकती आत सोडायची. असे पूर्ण फेरे वर्षात चारच होतात. तिमाही निकालावर चिडणाऱ्याने फार तर एका फेऱ्याचा निकाल पाहिलेला असतो.

प्रत्येक पायरी 99.9 टक्के बिनचूक झाली, तरी हजार पायऱ्यांनंतर चांगल्या चिप उरतात फक्त 37 टक्के. 99.99 टक्के अचूकता साधली, तर 90 टक्के. चिपचा आकारही यात येतो. दर चौरस सेंटीमीटरला सरासरी अर्धा दोष असेल, तर एक चौरस सेंटीमीटरच्या चिपचे यील्ड, म्हणजे चांगल्या निघालेल्या चिपचे प्रमाण, 61 टक्क्यांच्या घरात राहते. त्याच वेफरवर चार चौरस सेंटीमीटरची चिप काढली, तर ते 14 टक्क्यांवर येते. म्हणून 'आमची पहिली चिप तयार' या घोषणेने हुरळून जाऊ नये. व्यासपीठावर दाखवायला एक चिप पुरते, विकायला यील्ड लागते.

धीराचे दाखले देताना ईयूव्ही यंत्रांचे, म्हणजे वेफरवर अतिसूक्ष्म नक्षी प्रकाशाने छापणाऱ्या यंत्रांचे, नाव हटकून निघते, आणि ते योग्यच आहे. त्यांतला 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हवा आणि काच दोन्ही गिळून टाकतात, म्हणून सारे काम निर्वात पेटीत, आरशांवर. तो निर्माण करण्यासाठी कथिलाचे सेकंदाला 50,000 थेंब लेसरने उडवावे लागतात. एकेक आरसा सुमारे 70 टक्केच प्रकाश परत देतो. दहा आरशांनंतर तीन टक्केही उरत नाही. त्यामुळे सारे घोडे प्रकाशस्रोताच्या शक्तीवर अडले होते. ही यंत्रे बनवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीने चाचणी यंत्रे 2006 मध्ये पाठवली, 250 वॉटची मजल 2017 मध्ये गाठली आणि मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन उजाडले 2019 मध्ये. पण मधल्या काळात, 2012 मध्ये, इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिप बनवणाऱ्या गिऱ्हाइकांनीच एएसएमएलचे अनुक्रमे 15, 5 आणि 3 टक्के भाग घेतले, शिवाय संशोधनालाही पैसा दिला. अडचण कोणती ते ठाऊक होते, वॉटचा आकडा वर चढत होता आणि ज्यांना यंत्र हवे होते त्यांचेच पैसे अडकले होते. हे तिन्ही असेल तर थांबण्यात अर्थ आहे.

उलट उदाहरणेही आहेत. इंटेलची चिप घडवण्याची 10 नॅनोमीटर प्रक्रिया (हा आकडा जितका लहान, तितके तंत्र नवे) 2016 च्या सुमारास यायची, ती रुळावर आली 2019 मध्ये. जुलै 2020 मध्ये 7 नॅनोमीटरही लांबल्याचे सांगताच शेअर एका दिवसात 16 टक्के पडला. 2015 मध्ये गाजावाजाने जाहीर झालेली ऑप्टेन मेमरी तर चालत होती, पण परवडेल इतके गिऱ्हाईक मिळाले नाही आणि इंटेलने 2022 मध्ये तो धंदा गुंडाळला. तिथे धीर वाया गेला.

आपल्याकडचे बहुतेक मंजूर प्रकल्प चिपच्या पॅकेजिंग-चाचणीचे, म्हणजे तयार चिप वेष्टनात बसवून तपासण्याचे, आहेत. गुजरातमधल्या धोलेऱ्याचा कारखाना वेफरवर चिप घडवण्याचा आहे, पण तिथली 28 ते 110 नॅनोमीटरची तंत्रे जगात जुनी आहेत. त्यामुळे इथला उशीर शोधाचा नसतो. क्लीन रूम (धूळमुक्त दालन), अतिशुद्ध पाणी, अखंड वीज, यंत्रांची जुळणी आणि ग्राहकाची मंजुरी यांचा असतो. वाहनांसाठीच्या चिपच्या एईसी-क्यू 100 या मानकाच्या एका चाचणीत तीन वेगवेगळ्या लॉटमधल्या प्रत्येकी 77 चिप 1000 तास तापवून चालवतात. म्हणजे जवळजवळ 42 दिवस, आणि ही तर अनेक चाचण्यांपैकी एक. पहिल्या चिपनंतर काही महिने गेले म्हणून घाबरू नये. इमारतच उभी नसेल, तर मात्र जाब विचारावा.

तो विचारायची जागा वार्षिक अहवालात आहे. ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस'चा, म्हणजे अपुऱ्या बांधकामात गुंतलेल्या रकमेचा, वयानुसार तक्ता असतो: एक वर्षाच्या आतले, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या पुढचे. मुदत किंवा खर्च ओलांडलेला प्रकल्प कधी पुरा होणार, तेही 2021-22 पासून तिथे द्यावे लागते. रक्कम दरवर्षी पुढच्या रकान्यात सरकत असेल आणि तारीखही सरकत असेल, तर अध्यक्षांच्या भाषणापेक्षा त्या तक्त्यावर विश्वास ठेवावा. आणखी एक: कारखाना सुरू झाल्यावर घसारा आणि तोवर प्रकल्पखर्चात धरले जाणारे कर्जाचे व्याज नफ्यातून वजा होऊ लागते. त्यामुळे सुरुवातीच्या तिमाह्यांत नफा आधी उतरतो, आणि नेमके तेव्हाच कंटाळलेले लोक विकतात.

सोने तारण ठेवून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून असे शेअर घेणाऱ्यांनी तर या फंदात पडूच नये. तीन वर्षे थांबायचे कंपनी ठरवते, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात येतो.

आपणास विनंती एवढीच, की प्रकल्प लांबल्याची बातमी छापताना इमारत, यंत्रे, यील्ड की ग्राहकाची मंजुरी, यांपैकी काय अडले आहे त्याची एक ओळ जोडावी आणि नव्या तारखेशेजारी मूळ तारीखही द्यावी.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव