हापूसच्या पेटीला ब्लॉकचेन लावण्याआधी : पणनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तरीही कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीतून विकला जातो. त्यावर ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेकांकडे प्रती असलेल्या सामाईक डिजिटल नोंदवहीचा, उपाय सुचवणारे आपल्याकडेही येतील. आमचा त्याला विरोध नाही, मात्र निविदा काढण्याआधी काही गोष्टी ठरल्या पाहिजेत.

झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, एवढेच काम ब्लॉकचेन करते. नोंद मुळात खोटी असेल तर ती खोटीच राहते, फक्त पुसता येत नाही. क्यूआर कोडचेही तसेच. एका खऱ्या फळावरचा कोड हजार स्टिकरांवर छापला, तर हजारही ग्राहकांना ‘अस्सल’ असेच उत्तर येईल. म्हणून कोड खरवडून दिसणारा हवा आणि दुसऱ्यांदा तपासला की ‘हा आधी वापरलेला आहे’ असे उत्तर यायला हवे. स्टिकर काढताना फाटलाच पाहिजे, नाहीतर तो उचलून दुसऱ्या फळावर बसतो. तो फळावरचा चीक सुकल्यावर लावावा, ओल्या चिकावर टिकत नाही आणि आढीतल्या, म्हणजे आंबे पिकत घातलेल्या, गवतात गळून पडतो. देवगडच्या उत्पादकांनी 2025 च्या हंगामात फळावर क्रमांकाचे सील आणले, त्याचा अनुभव आधी मागवावा.

खरी मेख प्रत्येक बागायतदाराला अशी सील, म्हणजे फळावरचे कोडचे स्टिकर, किती द्यायची यात आहे. समजा, 100 झाडांच्या बागेत यंदा 60 झाडे धरली आणि झाडामागे 200 फळे आली. म्हणजे 12,000 सील, पाच डझनी 200 पेट्या. या बागायतदाराला 30,000 सील मिळाली तर उरलेली 18,000 कुठे चिकटणार, हे सांगायला नको. हापूस एक वर्षाआड धरतो, फुलकिडे आणि अवकाळी पावसाने अंदाज कोलमडतो. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून सील वाटणे चुकीचे. फळे अंड्याएवढी झाली की झाडे मोजावीत, अंदाजाच्या सत्तर टक्के सील द्यावीत, बाकीची दुसऱ्या पाहणीनंतर. न वापरलेली परत घेऊन रद्द करावीत. मोजणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदीत असावी. सगळ्यात जास्त खर्च याच पाहणीवर होऊ द्या.

दुसरी गळती वाशीच्या घाऊक बाजारात. पेटी फुटते, माल प्रतवारी होऊन डझन-दोन डझनांच्या खोक्यांत जातो, आणि पेटीवरचा कोड तिथेच संपतो. पहाटे गाड्या उतरत असताना माथाडी कामगारांनी प्रत्येक फळ तपासावे, ही अपेक्षा करू नये. आडत्या, म्हणजे कमिशनवर माल विकणारा व्यापारी, पट्टी (विक्रीचा हिशेब) बनवतो तेव्हा पेटीचा कोड एकदाच वाचला जावा. पट्टीचा क्रमांक आणि नव्या खोक्यांचे क्रमांक त्याला जोडले जावेत. पाच डझनी पेटीतून 60 पेक्षा जास्त फळे निघत असतील तर प्रणालीने तिथेच अडवावे. मोबाईलला रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये साठून नंतर चढावी. ही सोय नसलेले अ‍ॅप बागेत चालणार नाही.

मग ब्लॉकचेन कशाला? सगळी नोंद एकट्या पणन मंडळाकडे राहणार असेल तर साधा डेटाबेस पुरतो, स्वस्तही पडतो. उत्पादक संस्था, बाजार समिती, निर्यातदार आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे एकेक प्रत असेल आणि एकमेकांच्या संमतीशिवाय नोंद बदलणार नसेल, तरच तिचा उपयोग. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांची ‘ट्रेडलेन्स’ ही जहाजी मालाच्या नोंदींची ब्लॉकचेन 2018 मध्ये आली आणि 2023 च्या सुरुवातीला बंद झाली. संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही, असे कंपन्यांनीच सांगितले. स्पर्धकाच्या वहीत आपला व्यवहार लिहायला कोण तयार होईल? इथे आडत्यांना भाव उघड होण्याची भीती असेल. म्हणून भाव ब्लॉकचेनवर घेऊच नका. क्रमांक, संख्या, वेळ आणि ठिकाण पुरे.

निर्यातीच्या बागांना अपेडाच्या (केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या) मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीत क्रमांक आहेतच. नवे क्रमांक न देता तेच जोडावेत. युरोपसाठीची उष्णजल प्रक्रिया, अमेरिकेसाठीचे विकिरण यांच्या नोंदी त्याच क्रमांकावर चढल्या तर निर्यातदार स्वतःहून येईल.

पहिला हंगाम एका तालुक्यापुरता, काही मोजक्या आडत्यांसह करावा. करारात दोन अटी असाव्यात : ठेकेदार गेला तरी सगळी नोंद वाचता येईल अशा स्वरूपात शासनाकडे राहील, आणि एकच कोड दोन शहरांत वाचला गेला तर चोवीस तासांत बाजार समितीच्या निरीक्षकाला सूचना जाईल. त्या सूचनेवर कारवाई कोण करणार, हे शासन आदेशात पदनामासह लिहावे.

आपले,
आंबा उत्पादन, आडत आणि माहिती तंत्रज्ञानात काम करणारे काही नागरिक