सांगलीच्या योगशिक्षिका ताईंना, चिपळूणहून

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्यानंतर मदतीला गावोगावची माणसं धावून आली. तांदूळ, चादरी, औषधं, गाळ उपसायला फावडी घेऊन आलेली पोरं, सगळ्यांचे उपकार आहेत. तुमचे आभार मात्र जाहीरपणे मानायचे राहिले. तुम्ही आम्हांला काय दिलंत, हे उमगायलाच वेळ लागला.

त्याच जुलैत तुमच्याकडे कृष्णेलाही पूर होता, आणि २०१९ चा महापूर तर तुम्ही सोसलेलाच. तरी कुंभार्ली घाट उतरून आलात. आल्यावर "काय झालं ते सांगा" असं तुम्ही कुणालाच म्हटलं नाहीत. तोवर जो तो मोबाइल समोर धरून तेच विचारायचा, आणि माझ्या सासूबाई दर वेळी सांगता सांगता थरथरायच्या.

योग म्हटल्यावर आम्ही सवयीनं डोळे मिटले, तर तुम्ही म्हणालात, "उघडेच असू देत. दाराकडे बघत बसायचं असेल तर बसा." सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा खांदे सैल सोडले. डोळे मिटले की त्यांना जिन्याच्या पायऱ्या चढणारं पाणी दिसायचं, हे तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. शवासन तुम्ही सुरुवातीला घेतलंच नाहीत. उभ्यानं ताडासन, मग खुर्चीत बसून भ्रामरी, तीही ज्याला हवी त्यानं. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके संथ होतात, एवढंच शास्त्र सांगितलंत. अजून रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्या माजघरातून तो भुंग्यासारखा आवाज येतो.

आणि तो कागद! आमच्या घरात तेव्हा कागद म्हणजे चिखलाचा लगदा झाला होता. सातबारे, दाखले, लग्नाचे फोटो दोरीवर वाळत होते. १८६४ पासूनच्या आमच्या वाचन मंदिरातली पुस्तकंसुद्धा भिजली होती. तुम्ही ओरिगामीसाठी, म्हणजे घड्या घालून वस्तू करायला, जुन्या कॅलेंडरांचे चौकोन कापून आणलेत. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, नखानं घडी दाबा. माझी मुलगी कित्येक दिवस धड बोलत नव्हती, पण बेडूक उडी मारतो की नाही यावरून तिनं शेजारच्या मुलाशी चक्क भांडण केलं. ते ऐकून मला किती बरं वाटलं, कसं सांगू?

होडी तुम्ही मुद्दाम शिकवली नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. ती आपल्या प्रत्येक पोराला येते. एके दिवशी एका मुलानं आपणहून केली, बाकावर ठेवली आणि आजीला खिडकीतून बोटीत कसं उतरवलं ते सगळं सांगितलं. तुमच्या हातातली घडी चालूच राहिली, मान मात्र त्याच्याकडे. मध्ये एक प्रश्न नाही, "अरेरे" नाही. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्टही तुम्ही लहानांना सांगितली नाहीत, कारण अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गानं आजारी पडून, बरं होण्याच्या आशेनं कागदाचे करकोचे करणारी ती मुलगी १९५५ मध्ये गेली. मोठ्या मुलींना सांगितलीत, तीही त्यांनी विचारल्यावर. काय सांगायचं, कुणाला आणि कधी, एवढी जाण मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

पुढे मी वाचलं, की २००८ च्या कोसीच्या पुरानंतर बिहारमध्ये २२ पूरग्रस्तांवर एक अभ्यास झाला होता. ज्यांनी आठवडाभर रोज तासभर योग केला त्यांची उदासी कमी झाली, आणि ज्यांनी केला नाही त्यांची चिंता वाढली. अभ्यास लहानच, पण आमच्या घरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. शिवाय तुम्ही कधी चमत्काराची भाषा केली नाहीत. आमच्या ओळीतल्या एका दुकानदारांची झोप आणि जेवण दोन्ही तुटलं होतं. "इथे श्वासानं भागणार नाही," असं स्पष्ट सांगून तुम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत. आज ते पुन्हा गल्ल्यावर बसतात.

माझी मुलगी आता तिच्या शाळेत धाकट्यांना घड्या शिकवते. तुम्ही गणपतीत या, ताई. मुक्काम आमच्याकडेच करायचा, सासूबाईंनी बजावून सांगितलंय. आणि येताना ते उडणारं फुलपाखरू कसं करायचं ते सांगायला या, शेवटच्या दोन घड्या आम्हां कुणालाच आठवत नाहीत.

तुमची,
चिपळूणची एक गृहिणी