नारळाची शेंडी आणि फाशीचा बीजाणू

मा. संपादक,
स. न.

गुरांच्या पावसाळी आजारांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. फक्त एक गोष्ट खटकली. फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे बीजाणू कडक कवचात असल्याने शरीराला ते ओळखूच येत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. खरे तर ते ओळखले जातात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वर्गात मी नारळ घेऊन जात असे. आत खोबरे, भोवती करवंटी, वर सोडण. या बीजाणूचेही तसेच. आत निजलेला जंतू, भोवती प्रथिनांचे थर आणि सर्वांत बाहेर सैल आवरणावर केसांसारखी लव. ही लव मुख्यतः बीसीएलए या प्रथिनाची. त्याची घडण कोलॅजेनसारखी, म्हणजे आपल्या कातडी-हाडांतल्या दोरीसारख्या प्रथिनासारखी, आणि त्याला साखरेचे रेणू लगडलेले. नारळ आपण शेंडीला धरून उचलतो ना, तशी आपली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी बीजाणूला या लवेला धरते. पेशीवरचे सीडी१४ हे प्रथिन त्यातली ऱ्हॅम्नोज साखर ओळखते, मग पेशीवरचेच मॅक-१ हे दुसरे प्रथिन पकड घट्ट करते आणि बीजाणू गिळला जातो. बरेचसे आत मरतात. उरलेल्यांना तिथेच कोंब फुटतो, आणि त्यांना घेऊन पेशी लसिका ग्रंथीत पोचते.

जिवंत जनावराच्या रक्तात मात्र बीजाणू नसतात. रक्ताला हवा लागली की ते तयार होतात. म्हणून अचानक मेलेले, नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त आलेले जनावर फाडायचे नसते. गेल्या श्रावणात आमच्या वाडीत एक बैल संध्याकाळी पडला. एकजण सुरी घेऊनच आला, “पोटात काय झाला ता बघूया तरी!” त्याला कसाबसा थांबवला. निघाला घटसर्प, पण ते कळले दुसऱ्या दिवशी.

स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली अस्त्र म्हणून या बीजाणूंची चाचणी झाली. बीजाणू मातीत टिकून राहिले, आणि ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडले. आपल्याकडे मेलेले जनावर पुरुषभर खोल पुरायचे म्हटले तर दोन हातांवर जांभा खडक लागतो, मग ते व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी टाकले जाते. ग्रामपंचायतींनी त्यासाठी जागा ठरवून खड्डा मे महिन्यातच घेऊन ठेवावा. ऐन पावसात जेसीबी वाडीत उतरत नाही.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. देवगड