‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणजे मी

संपादक महाशय,

आरोग्याच्या सर्वेत लोक आधी येत नाहीत आणि आले तर मध्येच गळतात, अशी ओरड असते, त्यात विषय गुप्तरोग नाहीतर नवराबायकोचे संबंध असला की विचारूच नका. तशीच गळलेली एक बाई म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी आमच्या वाड्यावर दोन मुली आल्या होत्या, अंगावरून पांढरं जातं का वगैरे विचारायला. चांगल्या होत्या, मी संमतीचा फॉर्म वाचून सही केली. तीन महिन्यांनी फोन करू म्हणाल्या. तो आला तेव्हा मोबाईल धाकट्याच्या हातात, कार्टून चाललेलं, आणि ट्रूकॉलरवर जे नाव आलं ते त्याने मोठ्याने वाचलं, "आई, सेक्शुअल हेल्थ कोण गं?" समोर सासूबाई तांदूळ निवडतायत. मी कट केला तो केलाच, नंतरचे चार फोनही घेतले नाहीत. त्यांच्या वहीत माझ्यापुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे पुढच्या चौकशीला सापडलीच नाही, असं लागलं असणार. मी कुठे हरवले, घरातच होते!

आणि गोव्यात लोक बिचकतात ते उगाच नाही. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या इथल्याच तरुणाने केलेल्या रक्तदानातून त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं आणि पोलिसांनी नेऊन त्याला ६४ दिवस जुन्या टीबी हॉस्पिटलात कोंडलं. आता एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही, नाव फोडायचं नाही. पण आमच्या सासूबाई अजून म्हणतात, रक्त दिलंस तर पोलीस येतील.

उत्तर गोव्यातच साधारण अडीच हजार बायकांचा अभ्यास झाला होता, त्यात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. आता बघा, जिला घरात जास्त ताण तिच्याकडे स्वतःचा फोन नसतो, म्हणजे नेमकी तीच आधी गळणार, आणि उत्तरं राहणार ती मोकळीक असलेल्यांची.

सर्वे मध्येच सोडून जायचा हक्क फॉर्मवरच लिहिलेला असतो, तेव्हा आम्हाला बेफिकीर म्हणू नका. साध्या नंबरवरून फोन करा, कधी करायचा ते पहिल्याच दिवशी विचारा, आणि त्याच गावची मुलगी पाठवू नका, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

माझा नंबर तोच आहे. सकाळी अकराला धाकटा शाळेत असतो.

एक वाचक, डिचोली
(नाव छापू नये)