त्या डबीबद्दल, मॅडम: मायक्रोबायोलॉजीच्या लॅबला जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पेशंट बाईंच्या जखमेतल्या पुवाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, तुमच्याकडे आला होता. '४८ तासांत वाढ नाही' असा शिक्का मारून तुम्ही रिपोर्ट पाठवला असता, तरी कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. त्याआधीच्या तीन रिपोर्टांवर तेच छापलेलं होतं. तुम्ही मात्र स्वॅब बाजूला ठेवलात आणि आमच्याकडे एक निर्जंतुक डबी पाठवलीत. तळाला थोडं सलाईन, वर रबरबँडने बांधलेली चिठ्ठी: "स्वॅब नको. गाठीचा तुकडा पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. उत्तराची घाई करू नका."

फॉर्मॅलिनमध्ये तुकडा टिकतो, पण जंतू मरतात. हे पत्र त्या डबीसाठी आहे.

बाईंचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. टाके छान भरले होते. महिन्याभराने बेंबीजवळच्या व्रणाखाली गाठ आली, ती फुटली आणि पातळ पू गळायला लागला. ताप नाही, फार दुखत नाही, पण जखम बंदच होईना. क्षयाच्या जंतूच्या कुळातले (मायकोबॅक्टेरियम), पण झपाट्याने वाढणारे काही जंतू असतात. त्यांच्या दुखण्याची चाल अशीच असते आणि ती ओळखीची असायला हवी. पण आधीच्या डॉक्टरांनी एकामागून एक अँटिबायोटिक बदललं. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसतो तसा पेशींचा पुंजका, दिसला तेव्हा टीबीची औषधं सुरू केली. सीबीनॅट, म्हणजे टीबीची जनुकीय तपासणी, निगेटिव्ह होतं. ती तपासणी फक्त क्षयाचा जंतू आणि त्याचे सख्खे भाऊबंदच ओळखते. मग दुसरा कुठला मायकोबॅक्टेरियम असेल का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. टीबीची नेहमीची चार औषधं या झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंवर जवळजवळ निरुपयोगी असतात. बाईंनी ती महिनोन्महिने गिळली. याचा राग अजून गेलेला नाही, मॅडम, आणि तो लपवायचाही नाही.

'झपाट्याने' हा शब्दच फसवा आहे. क्षयाच्या जंतूला कित्येक आठवडे लागतात, त्या मानाने हे झपाट्याने, म्हणजे सात दिवसांच्या आत दिसतात. पण पुवाची प्लेट दोन दिवसांत फेकायची सवय असलेल्या लॅबला तेही फार उशिराचं. त्यात स्वॅबच्या कापसावर जंतू येतात मोजकेच, आणि ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) फिकट, मण्यांसारखे दिसले तर 'कातडीवरचे डिफ्थेरॉइड', म्हणजे निरुपद्रवी जंतू, म्हणून निकालात निघतात.

तुम्ही तुकडा वाटून घेतलात, ब्लड अगार आणि एलजे या जंतू वाढवायच्या दोन्ही माध्यमांवर लावलात. एक संच ३७ अंशांवर, दुसरा ३० अंशांवर, कारण याच गटातल्या चेलोनीसारख्या जंतूला गारवा मानवतो. पाचव्या दिवशी ब्लड अगारवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आले. क्षयाच्या कुळातले जंतू लाल दाखवणाऱ्या झेडएन स्टेनमध्ये लाल काड्या. लाइन प्रोब या जनुकीय तपासणीत नाव निघालं, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस.

नुसतं 'एनटीएम' (क्षयाचा नसलेला मायकोबॅक्टेरियम) लिहून भागत नाही, हे तुम्ही फोनवर किती शांतपणे समजावलंत! याच गटातला फॉर्चुइटम असता तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाचा आधार मिळण्याची शक्यता होती. चेलोनी असता तर अमिकासिनपेक्षा टोब्रामायसिन बरं, आणि सेफॉक्सिटिनचा उपयोग नाही. अ‍ॅब्सेससमध्ये तर खरी मेख पुढेच असते. तिसऱ्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 'सेन्सिटिव्ह', म्हणजे लागू पडणारं, दिसत होतं. तुम्ही औषधं तपासायचा ट्रे १४ व्या दिवसापर्यंत ठेवलात, आणि तेव्हा ते रेझिस्टंट, म्हणजे निकामी, निघालं. औषध समोर आल्यावर जंतूतलं erm(४१) हे जनुक जागं होतं आणि औषध बोथट करतं. तिसऱ्या दिवशीच रिपोर्ट सोडला असता, तर जे औषध बाईंच्या उपचाराचा कणा ठरलं असतं ते आतून पोकळच निघालं असतं.

पुढचं आमच्याकडचं. गळणारा मार्ग आणि भोवतीचा सगळा खराब भाग कापून काढला. त्याशिवाय नुसत्या औषधांवर विसंबणं धोक्याचं. सुरुवातीला शिरेतून इमिपेनेम आणि अमिकासिन, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि कानांची तपासणी. नंतर लिनेझोलिड आणि क्लोफॅझिमिन, दर आठवड्याला रक्तपेशी मोजत. किमान चार महिने. आता जखम कोरडी आहे.

लॅबमधल्या माणसाला पेशंटचा चेहरा दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो लेबल लावलेला तुकडा. तरीही त्याच्यामागे एक बाई रोज पदर सांभाळत पट्टी बदलते आहे, हे ज्याला जाणवतं तो माणूस फार मोठा. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं काम चालतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, "तुमच्या ओटीत दुर्बिणीची उपकरणं बुडवायच्या ट्रेमध्ये काय असतं?" दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक, वीस मिनिटं, मग नळाच्या पाण्याने धुणं. आमच्याकडेही तेच होतं. हे जंतू नळाच्या पाण्यातच राहतात, आणि ट्रोकारच्या (पोटात दुर्बीण घालायच्या नळीच्या) सांध्यात अडकलेल्या रक्तामागे वीस मिनिटं सहज काढतात. तो ट्रे आता बंद केला. उपकरणं पूर्ण सुटी करून, एन्झाइमच्या द्रावणात भिजवून, ब्रशने घासून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) जातात. उष्णता न सोसणारी ईटीओ या निर्जंतुक करणाऱ्या वायूला.

चिठ्ठी फॉर्मॅलिनच्या बरणीवर चिकटवली आहे. बायोप्सी घेताना हात आधी बरणीकडे जातो, म्हणून तिथेच.

आपले कृतज्ञ,
शस्त्रक्रिया विभागातील सर्वजण