मंत्रीसाहेब, डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला. आईचं हृदयाच्या व्हॉल्वचं (झडपेचं) ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल तक्रार नाहीच. लहानपणी तिचे सांधे धरून ताप यायचा, त्यातच मायट्रल व्हॉल्व आकसला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतलं प्रेशर वाढत गेलं. ऑपरेशननंतर ते उतरलं, पण पूर्ण नाही.

घरी येताना गोळ्यांत त्या प्रेशरसाठी सिल्डेनाफिल होती, म्हणजे व्हायग्रात असतं तेच औषध, दिवसातून तीनदा. मेडिकलवाला म्हणतो, "ही गोळी आईला?" आणि हसतो. ते सोडा. कुठपर्यंत द्यायची हे कार्डावर कुठंच नव्हतं, म्हणून आम्ही दीड वर्ष देत राहिलो, आणि आईचा दम कमी व्हायच्या ऐवजी वाढला, पाय सुजले, रात्री उशाला तीन उशा.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून ती गोळी बंद केली, लघवीची गोळी वाढवली. त्यांनी सांगितलं ते असं की अशा पेशंटचं प्रेशर बऱ्याचदा हृदयाच्या डाव्या बाजूमुळं राहतं, ती बाजू कडक झालेली असते, मग गोळीनं फुप्फुसाच्या नळ्या मोकळ्या केल्या की रक्त जास्त पुढं येतं आणि तिथंच तुंबतं. स्पेनमध्ये अनेक हॉस्पिटलांत अशाच 200 पेशंटवर हे तपासलं होतं, सहा महिने, 40 मिलिग्रॅम तीनदा. 2017 ला निकाल आला, तब्येत जास्त बिघडली ती गोळीवाल्यांचीच. (फुप्फुसाच्या प्रेशरच्या दुसऱ्या प्रकारांत हीच गोळी कामाची आहे, ऑपरेशननंतर आयसीयूत थोडे दिवस देतात तेही वेगळं, म्हणून वाचून कुणी स्वतःच्या मनानं बंद करू नका.)

साहेब, मागणी छोटी आहे. डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळीपुढं लिहायला लावा, कधीपर्यंत आणि कोण तपासून बंद करणार. आणि व्हॉल्ववाल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ठेवा, इको आणि रक्त पातळ करायच्या गोळीची आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ती) एकाच जागी. योजनेत फॉलोअपची पॅकेजेस आहेत म्हणतात, पण आम्हाला ते ना वॉर्डात कुणी सांगितलं ना काउंटरवर.

आईची पुढची इको चार तारखेला आहे, पुण्यालाच, सहा तास एसटीनं.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक मुलगा