हवामानाच्या बातमीदारांसाठी तुमचे काही तास हवेत

पूर ओसरला की उष्णतेची लाट, ती सरली की वणवा. हवामानाचा बीट सांभाळणाऱ्याला मधली उसंत मिळतच नाही. डेस्कवरचा सहकारी तर घटनास्थळी गेलेलाही नसतो. पण बुडणाऱ्या माणसाची काही सेकंदांची क्लिप कापताना, मथळा देताना, पुन्हा तपासताना ती दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असते. वृत्तकक्षातील पत्रकारांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात हिंसक दृश्ये एकूण किती वेळ पाहिली यापेक्षा किती वारंवार पाहिली याचा त्रासाशी अधिक संबंध दिसला. म्हणून आमचा पत्रकार संघ मदत मागतो आहे.

पहिली गरज समुपदेशकांची. मानसिक आघातावर काम केलेल्यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून सक्तीने बोलते करणारे एकच सत्र आम्हाला नको. त्याने फायदा होत नाही, कधी त्रास वाढतो. दुसऱ्या दिवशी साधी विचारपूस, आठवड्याने फोन आणि महिन्याने पुन्हा एकदा, असा क्रम ठेवू. झोपमोड, दचकणे, तेच दृश्य सारखे डोळ्यांसमोर येणे महिन्यानंतरही टिकले, तर रीतसर उपचारांकडे पाठवायचे. नोंदी समुपदेशकाकडेच राहतील. त्या संपादकाच्या टेबलावर जातात अशी नुसती कुजबुज झाली तरी कोणी फिरकत नाही.

देणगी मुख्यतः स्ट्रिंजरसाठी, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदारासाठी हवी. त्याला बातमीमागे पैसे मिळतात, त्यामुळे सुटी म्हणजे बुडालेली कमाई; समुपदेशन फुकट दिले तरी तो येऊ शकत नाही. जमणाऱ्या निधीतून आधी त्याच्या विश्रांतीच्या दिवसांचे मानधन दिले जाईल. पोस्टर आणि व्याख्यानांवर खर्च करणार नाही (ती पुष्कळ झाली).

संपादकांकडून पैसे नकोत, शिस्त हवी. फुटेजच्या फाइलच्या नावातच 'मृतदेह' किंवा 'आक्रोश' अशी सूचना लिहा. ऑटोप्ले बंद ठेवा. पहिली पाहणी आवाज बंद करून, छोट्या खिडकीत करा. बरेचदा दृश्यापेक्षा आवाजच रात्री आठवतो. एकाने पाहून नोंद केली की इतरांनी ती नोंद वाचावी, क्लिप नव्हे. 'हवामान बदल थोतांड आहे' म्हणत शिव्या देणाऱ्यांचे संदेश बातमीदाराने स्वतः चाळू नयेत. ते दुसऱ्याने वाचावेत, धमक्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि बाकीचे काढून टाकावेत.

वेळ किंवा निधी द्यायचा असेल तर संघाच्या सचिवांशी बोला. मदत हवी असेल तरी तिथेच या. ओळखपत्र किंवा संपादकाचे पत्र मागितले जाणार नाही.